बाक की बँक? जर्मनमधले दुहेरी शब्द ओळखायची रीत

'इश वार्टे फोर डेर बांक.' वाक्य अगदी पहिल्या पातळीचं आहे. मी अमुक ठिकाणासमोर थांबलो आहे, एवढंच त्यात आहे. पण हे ठिकाण म्हणजे बागेतलं बाक की पैसे काढायची बँक, हे वाक्य सांगत नाही. 'बांक' हा शब्द दोन्हींना लागतो, दोन्हीकडे तो स्त्रीलिंगीच असतो आणि एकवचनात दोन्हींची रूपंही सारखीच होतात.

जर्मनमध्ये असे शब्द भरपूर आहेत. वर्गात विचारलं की उत्तर मिळतं, 'संदर्भावरून कळेल.' ते खोटं नाही. पण नवशिक्याला वाक्यातले निम्मेच शब्द कळत असतात आणि त्यातलाच एक दुहेरी निघतो, तेव्हा संदर्भ आणायचा कुठून? माझा अनुभव असा की बहुतेक वेळा अर्थाची खूण शब्दालाच चिकटलेली असते. ती कुठे शोधायची आणि कोणत्या क्रमाने, ते इथे मांडतो.

आधी उच्चारांविषयी थोडं. जर्मन शब्द मी देवनागरीत लिहितो आहे, त्यामुळे उच्चार जवळपासचे समजा. 'झ' सगळीकडे 'झाड'मधला वाचा. खरं स्पेलिंग शब्दकोशात बघून वहीत उतरवून घ्या.

पायरी १: शब्दाच्या आधी लिंग बघा

इथे मराठी माणूस इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याच्या पुढे असतो. आपल्याकडे तीन लिंगं आहेत आणि लिंगावरून अर्थ बदलायची सवय आपल्या कानाला लहानपणापासून आहे. 'तो हार' गळ्यात घालायचा आणि 'ती हार' पचवायची. 'ते नाव' माणसाचं, 'ती नाव' नदीतली. 'ती माळ' मण्यांची, तर 'तो माळ' गावाबाहेरचा. आपण यावर कधी विचारही करत नाही. जर्मनमध्ये लिंग नामाआधीच्या छोट्या शब्दावरून कळतं: पुल्लिंगी 'डेर', स्त्रीलिंगी 'डी', नपुंसकलिंगी 'डास'. जर्मन मुलंही 'डेर झे' आणि 'डी झे' तसंच, विचार न करता वापरतात.

'डेर झे' म्हणजे तळं किंवा सरोवर. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बोडनझे हे पुल्लिंगी. 'डी झे' म्हणजे समुद्र, त्यामुळे नोर्टझे (उत्तर समुद्र) आणि ओस्टझे (बाल्टिक समुद्र) दोन्ही स्त्रीलिंगी. (उत्तरेकडे गेलात तर आणखी एक गंमत दिसेल. हानोव्हरजवळच्या एका सरोवराचं नाव श्टाइनहूडर मेर आहे, आणि 'मेर' म्हणजे खरं तर समुद्र.)

सुरुवातीला या जोड्या पक्क्या करा:

- डेर लाइटर (प्रमुख, संचालक), डी लाइटर (शिडी)
- डी श्टॉयर (कर), डास श्टॉयर (गाडीचं स्टिअरिंग, जहाजाचं सुकाणू)
- डेर कीफर (जबडा), डी कीफर (पाइनचं झाड)
- डास शिल्ट (पाटी, फलक), डेर शिल्ट (ढाल)
- डास गेहाल्ट (पगार), डेर गेहाल्ट (एखाद्या घटकाचं प्रमाण)
- डेर फेरडीन्स्ट (कमाई), डास फेरडीन्स्ट (मोलाची कामगिरी)

शेवटच्या दोन जोड्या शेजारीशेजारी ठेवण्यामागे कारण आहे. पैसा एकीकडे नपुंसकलिंगी आहे आणि दुसरीकडे पुल्लिंगी. 'पैशाचा अर्थ असेल तर अमुक लिंग' असा नियम बसवायला जाल तर फसाल. प्रत्येक जोडी स्वतंत्रच लक्षात ठेवावी लागते.

'कीफर' हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटेल. दात सरळ करून देणाऱ्या डॉक्टरच्या पाटीवर 'कीफरओर्टोपेडी' असतं, तो जबडा. फर्निचरच्या दुकानात टेबलावर 'कीफर मासीफ' अशी चिठ्ठी असते, ते भरीव पाइनचं लाकूड. या दोन शब्दांचा मुळात काही संबंध नाही. झाडाचं नाव 'कीन' म्हणजे राळेचं लाकूड आणि 'फ्योरे' म्हणजे पाइन या दोन जुन्या शब्दांची जोडणी झिजून तयार झालं. शिडीचंही तसंच आहे. शिडीची 'लाइटर' टेकण्याच्या, कलण्याच्या अर्थाच्या मुळातून आली, तर प्रमुखाचा 'लाइटर' हा 'लाइटन' म्हणजे नेतृत्व करणं या क्रियापदातून.

पायरी २: 'डेर' दिसला म्हणून पुल्लिंग समजू नका

पहिली पायरी नीट शिकलेले लोकच इथे अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू.

'एर श्टेट आउफ डेर लाइटर.' तुम्ही पाठ केलं आहे की 'डेर लाइटर' म्हणजे प्रमुख. मग हा काय प्रमुखाच्या डोक्यावर उभा आहे? नाही, तो शिडीवरच उभा आहे. 'आउफ' या शब्दानंतर, स्थिर जागा सांगताना, जर्मनमध्ये तिसरी विभक्ती येते, म्हणजे डाटिफ. डाटिफमध्ये स्त्रीलिंगी 'डी'चा 'डेर' होतो, तर पुल्लिंगी 'डेर' आणि नपुंसकलिंगी 'डास' या दोन्हींचा 'डेम' होतो. गेनिटिफ म्हणजे 'चा-ची-चे'सारखा संबंध दाखवणाऱ्या विभक्तीतही स्त्रीलिंगाचा 'डेर'च होतो.

त्यामुळे 'डेर' दिसला की लगेच अर्थ लावू नका. आधी मागचा शब्द बघा. 'मिट', 'फोन', 'बाय', 'त्सू' यांच्यामागून नेहमी डाटिफ येतो:

- इश श्प्रेशे मिट डेम लाइटर: मी प्रमुखांशी बोलतो आहे.
- इश कोमे मिट डेर लाइटर: मी शिडी घेऊन येतो आहे.

जोडून लिहिलेली रूपंही इथे मदतीला येतात. 'आम' म्हणजे 'आन डेम', म्हणून 'आम झे' म्हणजे सरोवराकाठी. समुद्रकिनारी असेल तर 'आन डेर झे' म्हणावं लागतं. सुट्टीसाठी खोली आरक्षित करताना हा फरक नीट वाचा. 'हँडी आम श्टॉयर' या शब्दांत गाडी चालवताना मोबाइल वापरण्याबद्दलचा इशारा असतो. 'आम' आहे म्हणजे शब्द स्त्रीलिंगी असूच शकत नाही, म्हणून हा कर नव्हे, स्टिअरिंग. या गुन्ह्याला १०० युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंडगुण लागतो, तेव्हा अर्थ लागलेला बरा. उलट, 'फोन डेर श्टॉयर आपझेट्सन' यात 'फोन'नंतर 'डेर' आहे, म्हणून शब्द स्त्रीलिंगी आणि अर्थ करातून वजावट घेणं.

रोज पाच वाक्यांत एवढंच शोधा: मागे कोणता शब्द आहे, कोणती विभक्ती लागली, मग मूळ लिंग कोणतं. काही आठवड्यांत हे आपोआप व्हायला लागतं.

पायरी ३: अनेकवचन विचारा

लिंग एकच असेल तर अनेकवचन बघा. 'बांक'चा प्रश्न इथे सुटतो. बाकं असतील तर 'बेंके', बँका असतील तर 'बांकन'. 'मुटर' म्हणजे आई, अनेकवचन 'म्युटर'. बोल्टवर बसणारा नटही 'मुटर'च, पण त्याचं अनेकवचन 'मुटर्न'. हार्डवेअरच्या दुकानात 'मुटर्न' लिहिलेला खण दिसला तर गोंधळून जाऊ नका. 'श्ट्राउस' म्हणजे फुलांचा गुच्छ आणि शहामृगसुद्धा. गुच्छ अनेक झाले की 'श्ट्रॉयसे', शहामृग अनेक झाले की 'श्ट्राउसे'. 'वोर्ट'ची दोन अनेकवचनं तर अर्थाने जवळची आहेत, तरी वेगळी ठेवतात. सुटे शब्द म्हणजे 'व्योर्टर' (त्यावरूनच शब्दकोशाला 'व्योर्टरबूख' म्हणतात), आणि कुणी बोललेले अर्थपूर्ण शब्द, उद्गार म्हणजे 'वोर्टे'.

सगळ्यात भरलेला शब्द 'बांट'. 'डेर बांट' म्हणजे ग्रंथाचा खंड, अनेकवचन 'बेंडे'. 'डास बांट' म्हणजे फीत किंवा पट्टा, अनेकवचन 'बेंडर'. तेच स्पेलिंग 'डी' लावून आलं की उच्चार 'बेंट' होतो आणि अर्थ वाद्यवृंद, अनेकवचन 'बेंट्स'. लिंग आणि अनेकवचन मिळून काय काय काम करतात, ते बघायला हा एक शब्द पुरेसा आहे.

काही शब्दांपुढे मात्र दोन्ही उपाय थकतात. 'डास श्लॉस' म्हणजे कुलूप आणि राजवाडाही. दोन्हीकडे नपुंसकलिंग, दोन्हीकडे अनेकवचन 'श्ल्योसर'. 'डास गेरिश्ट' म्हणजे न्यायालय आणि ताटातला पदार्थ. इथेही सगळं सारखंच. यांच्यासाठी पुढची पायरी.

पायरी ४: जोडशब्दाकडे बघा

जर्मन लोकांनाही संदिग्धता नकोच असते. त्यांचा रोजचा उपाय म्हणजे शब्दाच्या आधी आणखी एक शब्द जोडून देणं. जोडशब्दाचं लिंग आणि अनेकवचन शेवटच्या भागावरून ठरतं, आणि पहिला भाग अर्थ सांगून टाकतो.

'फाराटश्लॉस' सायकलचं कुलूप, 'फोरहेंगेश्लॉस' दाराला अडकवायचं कुलूप, आणि 'वासरश्लॉस' म्हणजे सभोवती पाण्याचा खंदक असलेला राजवाडा. 'हाउप्टगेरिश्ट' जेवणातला मुख्य पदार्थ, 'आम्ट्सगेरिश्ट' खालचं न्यायालय. 'पार्कबांक' बागेतलं बाक, 'डाटनबांक' संगणकातला माहितीसाठा, 'झांटबांक' पाण्यातला वाळूचा दांडा. वाळूच्या दांड्याचं अनेकवचन 'झांटबेंके', म्हणजे बाकासारखं. माहितीसाठ्याचं 'डाटनबांकन', म्हणजे बँकेसारखं. 'हान' म्हणजे कोंबडा, 'वासरहान' म्हणजे नळ. 'बिर्ने' म्हणजे नाशपती, 'ग्ल्यूबिर्ने' म्हणजे विजेचा दिवा.

शेवटचे दोन अर्थ आकारावरून आलेले आहेत. जुन्या नळाची मूठ कोंबड्यासारखी दिसे आणि दिवा नाशपतीसारखा. राजवाडा आणि कुलूप हेही एकाच मुळाचे, दोन्ही 'श्लीसन' म्हणजे बंद करणं या क्रियापदातून निघालेले. बँकसुद्धा शेवटी सराफाच्या बाकावरूनच आली. अशी माहिती हाताशी आली तर जरूर घ्या, कारण कारण कळलं की शब्द विसरत नाही. पण प्रत्येक जोडीमागे नातं असेलच असं धरून चालू नका. 'कोस्टन' म्हणजे चव घेणं, आणि 'कोस्टन' म्हणजे किंमत पडणं. पहिलं जुनं जर्मानिक, दुसरं लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेलं. नात्याने काहीच लागत नाहीत.

बोलताना तुम्हीही हीच युक्ती वापरा. 'बांक' म्हणून समोरचा गोंधळला तर 'पार्कबांक' म्हणा. पुढे स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

पायरी ५: क्रियापद असेल तर त्याचं कर्म शोधा

नामाला लिंग तरी असतं, क्रियापदाला तेही नाही. इथे कर्म हीच खूण.

दुकानाच्या काचेवर किंवा बसवर मोठ्या अक्षरांत 'वीर श्टेलन आइन' असं लिहिलेलं असतं. कामाच्या शोधात असाल तर थांबून वाचा. 'आइनश्टेलन' म्हणजे इथे नोकरीवर घेणं. हेच क्रियापद 'बेट्रीप' म्हणजे कामकाज किंवा सेवा या शब्दाबरोबर आलं, तर अर्थ थेट उलटा होतो: सेवा बंद करणं. ट्रामच्या थांब्यावर 'बेट्रीप आइनगेश्टेल्ट' वाचलंत, तर आता ट्राम येणार नाही. यंत्र किंवा घड्याळ कर्म असेल तर जुळवणी करणं. म्हणजे माणसं 'आइनश्टेलन' केली तर कामाला लागतात, आणि व्यवहार 'आइनश्टेलन' केला तर थांबतो.

'आउफहेबन'कडे तर खास लक्ष द्या. खाली पडलेलं उचलणं, जपून ठेवणं आणि रद्द करणं, असे तिन्ही अर्थ त्यात आहेत. हेगेल या तत्त्वज्ञाला या शब्दाचं कौतुक होतं ते याचसाठी. मोडीत काढणं आणि जपणं हे परस्परविरोधी अर्थ एका शब्दात राहतात, हे त्याच्या विचाराला नेमकं जुळत होतं. तुमच्या-माझ्यासाठी मुद्दा रोजचा आहे. पावतीबद्दल 'आउफहेबन' म्हटलं तर ती जपून ठेवायची. कराराबद्दल म्हटलं तर करार संपवायचा. नोकरीच्या ठिकाणी समोर 'आउफहेबुंग्सफेरट्राक' ठेवला, तर तो दोघांच्या संमतीने नोकरी संपवण्याचा करार असतो. जागच्या जागी सही करू नका. सबळ कारण नसेल तर त्यापायी बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडू शकतो. कागद घरी नेऊन वाचायचा आणि सल्ला घ्यायचा, हे सांगायला लाजू नका.

स्टेशनवरची एक जागा सांगून पुढे जातो. 'इम त्सूक' म्हणजे रेल्वेगाडीत. 'इम त्सूगे डेर बाउआरबाइटन' याचा गाडीशी काही संबंध नाही, अर्थ आहे 'बांधकामाच्या ओघात, बांधकामानिमित्त'. शेवटचा 'ए' आणि मागून येणारी गेनिटिफ विभक्ती, या दोन खुणा पुरेशा आहेत. आणि खोलीत कुणी 'एस त्सीट' म्हणालं, तर वाऱ्याचा झोत लागतो आहे, खिडकी लावा.

पायरी ६: जोर कुठे पडतो ते ऐका

हे थोडक्यात, पण महत्त्वाचं. 'उमफारन' या शब्दात 'उम'वर जोर दिला तर अर्थ गाडीने धडक देऊन आडवं करणं. 'फा'वर जोर दिला तर वळसा घालून जाणं. वाक्यात पहिलं क्रियापद तुटतं, दुसरं तुटत नाही. 'इश फारे डास शिल्ट उम' म्हणजे मी पाटीला धडकून ती पाडतो. 'इश उमफारे डास शिल्ट' म्हणजे मी पाटीला वळसा घालतो. भूतकाळात पहिल्याचं 'उमगेफारन', दुसऱ्याचं 'उमफारन'च. गाडी चालवायला शिकणाऱ्यांनी हे तोंडात बसवायलाच हवं. 'यूबरझेट्सन'चंही असंच. 'झे'वर जोर असेल तर भाषांतर करणं, 'यू'वर असेल तर नावेने पलीकडे नेणं.

पायरी ७: तुम्ही कुठे उभे आहात ते बघा

एवढं करूनही उरतात ते शब्द जागेवरून ओळखायचे. नव्याने जर्मनीत आलेल्याला ते अगदी पहिल्या महिन्यातच भेटतात.

'यूबरवाइझुंग' बँकेत म्हणजे खात्यातून पैसे पाठवणं. त्यासाठी समोरच्याचा आयबान क्रमांक लागतो, जर्मन खात्याचा २२ अक्षरांचा. हाच शब्द घराजवळच्या डॉक्टरांकडे म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरकडे जाण्यासाठीची चिठ्ठी. त्वचेच्या डॉक्टरने फोनवर विचारलं की 'यूबरवाइझुंग आहे का', तर पैशाचं बोलणं चाललेलं नाही. 'रेट्सेप्ट' स्वयंपाकघरात पाककृती, औषधाच्या दुकानात डॉक्टरची औषधांची चिठ्ठी. सरकारी विमा असलेल्यांची ही चिठ्ठी आता विमा कार्डावरून उघडते, २०२४ पासून तोच नियम झाला आहे.

'आनलागे' हा कचेऱ्यांचा लाडका शब्द. पत्राच्या तळाशी 'आनलागन' असेल तर सोबत जोडलेले कागद. कराच्या विवरणात 'आनलागे एन' म्हणजे नोकरदारांनी भरायचा जोडफॉर्म. बँकेत 'गेल्टआनलागे' म्हणजे गुंतवणूक, नगरपालिकेच्या फलकावर 'ग्र्यूनआनलागे' म्हणजे हिरवळीची सार्वजनिक जागा. त्याच कराच्या संदर्भात: पहिल्यांदा पत्ता नोंदवल्यावर काही आठवड्यांत पोस्टाने ११ अंकी करओळख क्रमांक येतो. त्या पत्रावर 'श्टॉयर' शब्द दिसेल. ते पत्र फेकू नका, पगार सुरू करण्यासाठी मालकाला तो क्रमांक लागतो.

'गेरिश्ट'बद्दल एकच सूचना. उपाहारगृहातल्या फळ्यावर तो शब्द निर्धास्त वाचा. पण पिवळ्या पाकिटातून पत्र आलं आणि त्यावर 'आम्ट्सगेरिश्ट' असेल, तर पाकीटसुद्धा जपून ठेवा. पोस्टमनने त्यावर लिहिलेल्या तारखेपासून उत्तराची मुदत मोजतात.

पायरी ८: शब्दकोश नीट वाचा

डूडन हा शब्दकोश पहिल्यांदा १८८० मध्ये निघाला आणि आजही घरोघरी तोच प्रमाण मानतात. त्यात वेगळे धरलेले सारखे शब्द स्वतंत्र नोंदींत येतात आणि शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २ असे अंक असतात. एका शब्दाचे फुटलेले अर्थ मात्र एकाच नोंदीत क्रमाने दिलेले असतात. 'बांक' दोन नोंदींत मिळेल, 'श्लॉस' एकाच. म्हणून पहिला अर्थ वाचून पान मिटू नका. नोंदीच्या शेवटपर्यंत जा आणि शेजारच्या अंकाची नोंदही बघा. मोबाइलवरचं भाषांतर एकच अर्थ पुढे करतं, म्हणून सुट्या शब्दाऐवजी त्याला पूर्ण वाक्य द्या.

पायरी ९: वहीत कसं लिहायचं, आणि एक खेळ

वहीत शब्द कधी एकटा लिहू नका. लिंग, अनेकवचन आणि एक जोडशब्द किंवा छोटं वाक्य, एवढं सोबत हवंच. दुहेरी शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच दिवशी पाठ करण्याच्या मी विरोधात आहे, ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. रोज लागणारा अर्थ आधी घट्ट होऊ द्या, दुसऱ्यासाठी ओळ मोकळी ठेवा, आणि तो वाचनात भेटेल तेव्हा भरा.

सरावासाठी जर्मन मुलांचा एक जुना खेळ आहे, 'टेकेसेलशेन', म्हणजे चहाची छोटी किटली. दोघांनी मिळून एक दुहेरी शब्द ठरवायचा, एकेक अर्थ वाटून घ्यायचा आणि आळीपाळीने खुणा द्यायच्या. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. पुण्या-मुंबईतल्या जर्मनच्या वर्गांतही हा खेळ सहज जमतो.

पहिला म्हणतो, 'माझी किटली धातूची आहे.' दुसरा म्हणतो, 'माझ्या किटलीत राजा राहायचा.' पहिला: 'माझी किटली सायकलला लावतात.' दुसरा: 'माझी किटली बघायला तिकीट काढावं लागतं.' तोवर कुणीतरी 'श्लॉस' ओरडलेलं असतं. पहिल्या फेरीला 'बांक', 'मुटर', 'हान', 'बिर्ने' आणि 'गेरिश्ट' घ्या. खुणा जर्मनमध्येच द्यायच्या, मोडक्यातोडक्या चालतील, फक्त 'डेर, डी, डास' म्हणायचं नाही. ते म्हटलं की निम्मं उत्तर फुटतं.